फ्रॅजाइल म्हणजे फक्त काच का? (घुमट फुटलं त्यावरून)

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी, इंग्रजीतला एक शब्द विचारायचाय, आणि त्यामागे एक नुकसान आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ठाण्याला माझी नणंद असते. तिच्या मुलांनी बिल्डिंगमध्ये आरतीचा ग्रुप केलाय, आपल्या गोव्यातल्या आरत्या म्हणतात, शामेळ आहे, कासाळे आहे ही साथीची वाद्यं, फक्त घुमट, म्हणजे मातीच्या भांड्यावर चामडं चढवलेलं आपलं वाद्य, नाही. चवथीच्या आधी पाठवते म्हटलं, इथल्या कुंभाराकडून भांडं आणलं, बोकडाचं चामडं चढवून घेतलं (पूर्वी घोरपडीचं असायचं, ते कायद्याने बंद झालं आणि बरंच झालं), सुकवलं, वाजवून बघितलं. असा नाद होता की शेजारची काकी हात पुसत बाहेर आली. मग खोक्यात काथ्या भरून कुरियरच्या काउंटरवर नेलं आणि मुलाला सांगितलं फ्रॅजाइलचा स्टिकर लाव. तो म्हणाला आत काच आहे का? म्हटलं नाही, माती आहे. तर म्हणाला, मग फ्रॅजाइल नाही लागत, ते ग्लासला असतं. मागे लोक उभे होते, मला वाटलं त्याचं रोजचं काम आहे, त्याला माहीत असणार. मीच मार्करने 'डेलिकेट' लिहिलं आणि आले.

ठाण्याला पोचलं तेव्हा चामडं शाबूत आणि भांड्याचे तीन तुकडे. फोन केला तर उत्तर काय, आयटमच फ्रॅजाइल होता मॅडम, आम्ही काय करणार. म्हणजे पाठवताना फ्रॅजाइल नव्हतं आणि फुटल्यावर फ्रॅजाइल झालं!

आता माझे प्रश्न. फ्रॅजाइल नक्की कशाकशाला म्हणतात? ब्रिटल, डेलिकेट, वीक यांच्यापेक्षा ते वेगळं कसं? मुलगी नववीत आहे, तिच्या गाइडमध्ये तिन्हींसमोर 'नाजूक' एवढंच दिलंय. आणि मराठीत खोक्यावर काय लिहावं? चवथीला अजून अकरा दिवस आहेत, दुसरं घुमट करायला टाकलंय.

शाळामास्तर_म्हापसा

ताई, वाचून वाईट वाटलं. मी हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि हा घोटाळा वर्गात दरवर्षी व्हायचा.

काउंटरवरच्या मुलाचं चुकलं. फ्रॅजाइल हा शब्द वस्तू कशाची आहे ते सांगतच नाही. रोजच्या हाताळणीत, म्हणजे उचलताना ठेवताना जो धक्का बसतो तेवढ्याने जे मोडेल किंवा फुटेल ते फ्रॅजाइल. मग ते अंडं असो, मातीचं घुमट असो, सुकलेलं पिंपळपान असो, आजीची पन्नास वर्षांची रेशमी साडी असो. नवीन सुती शर्ट फाटू शकतो पण त्याला फ्रॅजाइल म्हणणार नाही, जुन्या साडीला म्हणणार, कारण ती घडी उलगडतानाच जाते.

डेलिकेट वेगळं. त्यात बारकाई आहे, तलमपणा आहे. मोगऱ्याचा वास डेलिकेट असतो, फ्रॅजाइल नसतो, कारण वास फुटत नाही. रंग डेलिकेट, चव डेलिकेट, दोन घरांमधला बोलायला अवघड विषयही डेलिकेट. तुम्ही खोक्यावर डेलिकेट लिहिलंत, वाचणाऱ्याला वाटलं असेल आत काहीतरी उंची नक्षीकामाचं आहे. फुटेल असं त्याला त्यातून कळत नाही.

आणि वीक म्हणजे जोर कमी. चहा वीक असतो, दोरी वीक असते, मुलगा गणितात वीक असतो. फ्रॅजाइल चहा कोणी म्हणत नाही. दोरीसुद्धा नाही, कारण ती ताणत ताणत, पीळ सुटत तुटते. फ्रॅजाइलमध्ये एक क्षण आधी सगळं अखंड असतं आणि मग नसतं.

ब्रेकेबल पण आहे, ते त्याहून ढोबळ. मोडता येण्यासारखं एवढंच. पेन्सिल ब्रेकेबल आहे, फ्रॅजाइल नाही.

वेर्णा_लेथ

ब्रिटलचं मी सांगतो, आमच्या वर्कशॉपमध्ये रोज लागतो हा शब्द. ब्रिटल मटेरियलला म्हणतात आणि फ्रॅजाइल वस्तूला, एवढं धरून ठेवलं की नव्वद टक्के काम होतं.

बिडाचं लोखंड घ्या, कास्ट आयर्न. ते ब्रिटल, कारण त्याच्यात ग्राफाइटच्या पापुद्र्यासारख्या चकत्या असतात आणि भेग त्या चकत्यांवरून पळते. माइल्ड स्टीलची पट्टी वाकेल, बीड वाकणार नाही, सरळ तडकणार. पण बिडाचा तवा फ्रॅजाइल आहे का? अजिबात नाही, माझ्या आईचा तवा माझ्याहून मोठा आहे. जेटीवर होड्या बांधायचे जे खुंट असतात ते पण कित्येक ठिकाणी बिडाचे असतात, त्यांना कोण फ्रॅजाइल म्हणेल. मटेरियल ब्रिटल, पण वस्तू जाडजूड.

उलटं पण होतं. ॲल्युमिनियमची पातळ फॉइल ब्रिटल नाही, मस्त घडी पडते, पण तिचं काहीतरी नाजूक बनवलं तर ती वस्तू फ्रॅजाइल होईल.

काचेचं तर फार भारी आहे. १९२१ साली ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने दाखवलं की काच हिशेबाने जितकी मजबूत असायला हवी त्याच्या कितीतरी खाली का फुटते, तर तिच्यावरच्या डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक भेगांमुळे, सगळा ताण त्या भेगेच्या टोकाला गोळा होतो. त्याने काचेचे बारीक बारीक धागे ओढून बघितले, धागा जितका बारीक तितका ताकदवान, कारण मोठ्या भेगेला जागाच नाही. आपल्या कोळी लोकांच्या फायबरच्या होड्या ह्याच काचेच्या धाग्यांच्या, रेझिनमध्ये बसवलेल्या. लाटा खातात वर्षानुवर्षं. म्हणजे काच असून फ्रॅजाइल नाही, आणि ताईंचं घुमट काच नसून फ्रॅजाइल. काउंटरवरच्याला हे कोणीतरी सांगा.

शेंगदाण्याच्या चिक्कीला इंग्रजीत पीनट ब्रिटलच म्हणतात, मुलीला लक्षात राहायला सोपं जाईल.

डिचोलीकरीण

चिक्कीचं मुलीला लगेच सांगितलं, तिने वहीत लिहून घेतलं. मग भाऊ, भाजलेली माती ब्रिटल आणि घुमट फ्रॅजाइल, बरोबर ना? तुकडे बघितले (नणंदेने फोटो पाठवले) तर मोडलंय ते मानेपाशी, जिथे पोट संपून बारकं तोंड सुरू होतं तिथे.

वेर्णा_लेथ

बरोबर. आणि मानेपाशीच मोडणार, जिथे आकार एकदम बदलतो तिथे ताण जमतो. पुढच्या वेळी मानेभोवती काथ्या घट्ट गुंडाळा आणि पोट मोकळं सोडू नका. खोकं हलवल्यावर आतून काही जाणवता कामा नये.

मुरगाव_हार्बर

कार्गोच्या कामात बावीस वर्षं गेली, त्यातलं थोडं सांगतो.

त्या मुलाचा गैरसमज कुठून आला ते मला कळतंय. फ्रॅजाइलचं जगभरचं चिन्ह म्हणजे दारूचा ग्लास, बारीक दांड्याचा. आयएसओ ७८० नावाचं स्टँडर्ड आहे पॅकिंगवरच्या खुणांचं, त्यात फ्रॅजाइलला ग्लास, पाऊस-पाणी लागू देऊ नका याला छत्री, आणि ही बाजू वर याला दोन बाण. चिन्हं अशासाठी की माल चढवणारा उतरवणारा माणूस कुठल्या देशातला, कुठली भाषा वाचणारा किंवा न वाचणारा असेल ते कोणाला सांगता येत नाही. ग्लास हे नुसतं उदाहरण आहे. छत्रीचं चित्र असलं म्हणून आत छत्री असते का? तसंच हे. पण चित्र रोज बघून बघून त्याचाच अर्थ लोक शब्दाला चिकटवतात.

खोक्याच्या उभ्या चारही बाजूंना, वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ लावायचं असतं ते. लोक एकच लावतात आणि तेही झाकणावर, मग त्याच्यावर दुसरं खोकं आलं की दिसणार कोणाला.

आणि मनापासून सांगतो, स्टिकरवर विसंबू नका. जिथे खोकी पट्ट्यावरून पडतात तिथे वाचायला माणूसच नसतो. आतलं पॅकिंग असं करा की स्टिकर नसला तरी वस्तू पोचली पाहिजे.

लिस्बनहून

मी मूळ मडगावची, सध्या लिस्बनला. इथे खोक्यावर 'फ्राझिल' असतं, पोर्तुगीजमध्ये हाच शब्द, जोर पहिल्या अक्षरावर. माझ्या वडिलांची आत्या पोर्तुगीज शाळेत शिकलेली, ती चिनी मातीच्या बशा ठेवलेल्या कपाटाजवळ आम्हाला जाऊच देत नसे, 'फ्राझिल, फ्राझिल' म्हणत राहायची. मला कितीतरी वर्षं वाटायचं की त्या बशांचं नावच फ्राझिल आहे.

उच्चाराचं पण सांगते कारण इथे ऑफिसात रोज ऐकते. इंग्लंडवाले फ्रॅजाइल म्हणतात, अमेरिकन फ्रॅजल. मिसाइल-मिसल, फर्टाइल-फर्टल, सगळी तीच जोडी. दोन्ही बरोबर. आपल्याकडे शाळेत फ्रॅजाइल शिकवतात तेच ठेवा.

फोंडा_फिजिओ

दवाखान्यात हे सगळे शब्द वेगवेगळे वापरतात आणि पेशंटच्या घरच्यांना ते माहीत असलेले बरे.

साठी-पासष्टीची बाई घरात चालता चालता घसरली आणि मनगट मोडलं, तर डॉक्टर फाइलमध्ये लिहितात फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर. म्हणजे उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून मोडलेलं हाड, एरवी एवढ्याने मोडायला नको होतं. मनगट, खुबा, मणका ही नेहमीची ठिकाणं. हे वाचलं की समजायचं हाडांची घनता तपासायला हवी, नुसतं प्लास्टर घालून घरी जायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मावश्या पहिलं मनगट मोडलं तेव्हा 'पडले म्हणून मोडलं' म्हणून गप्प बसतात आणि दोन-तीन वर्षांनी खुबा घेऊन येतात. तो एक शब्द वेळेवर समजला असता तर गोळ्या, व्यायाम सगळं आधीच सुरू झालं असतं, म्हणून मी इतकं लिहितेय.

अख्ख्या माणसाला मात्र फ्रेल म्हणतात. वजन उतरलेलं, चाल मंदावलेली, पकड सैल, छोट्या तापानेही अंथरूण धरणारं म्हातारं माणूस. त्याचं मोजमाप आहे, क्लिनिकल फ्रेल्टी स्केल, १ ते ९. आपल्याकडे तोळामासा प्रकृती म्हणतात ते याच्या जवळ जातं.

शाळामास्तर_म्हापसा

फोंड्याच्या ताईंनी फ्रेल काढलं म्हणून लिहितो. फ्रेल आणि फ्रॅजाइल मुळात एकच शब्द. लॅटिनमध्ये फ्रांगेरे म्हणजे मोडणे, त्यावरून फ्राजिलिस. तो जुन्या फ्रेंच लोकांच्या तोंडात झिजून झिजून इंग्रजीत आला तो फ्रेल, आणि नंतर विद्वानांनी लॅटिनचं रूप बघून पुन्हा घेतला तो फ्रॅजाइल. आपल्याकडे हस्त आणि हात, अग्नी आणि आग, तसंच. झिजलेला घरगुती शब्द माणसाच्या अंगाला लागला आणि पुस्तकी शब्द वस्तूंना. फ्रॅक्चर, फ्रॅक्शन, फ्रॅग्मेंट ही सगळी त्याच घरातली भावंडं. नववीच्या मुलीला ही चार एकत्र द्या, पुन्हा विसरणार नाही.

कांदोळी_फ्रंटऑफिस

एक वापर राहिला. आमच्याकडे सीझनला इंग्लंडचे बरेच पाहुणे असतात. सकाळी कोणी म्हणालं 'फीलिंग अ बिट फ्रॅजाइल', तर बहुतेक वेळा आदल्या रात्री जास्त झालेली असते, किंवा प्रवासाने अंग मोडलेलं असतं. नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो की हे ऐकलं तर घाबरून डॉक्टर बोलावू नका, आवाज हळू ठेवा, लिंबूपाणी द्या, खोली साफ करायला उशिरा जा. पण चेहरा बघा, कारण काही लोक खरंच दुःखात असतात तेव्हाही हाच शब्द वापरतात. एक बाई नवऱ्याच्या अस्थी घेऊन आल्या होत्या, तिथेच दोघांचा हनिमून झाला होता. त्यांनीही हेच वाक्य म्हटलं होतं.

सत्तरी_आई

फ्रॅजाइल हा शब्द आमच्या घरात अकरा वर्षं आहे. माझ्या मुलाला फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम आहे. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी फ्रॅजाइल एवढंच वाचलं आणि मला वाटलं मूल मोडणार आहे, त्याला उचलायलासुद्धा भीती वाटायची.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की फ्रॅजाइल तो नाही. एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळची एक जागा, पेशी विशिष्ट प्रकारे वाढवून मायक्रोस्कोपखाली बघितल्या तर तुटल्यासारखी दिसते, त्यावरून ते नाव. त्यामागचं जीन १९९१ मध्ये सापडलं, एफएमआर१, त्यात डीएनएची सीजीजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, २०० च्या वर गेली की जीन बंद पडतं. शिकायला वेळ लागतो, गर्दी-आवाज सोसत नाही, नजर चुकवतो. पण अंगाने दणकट आहे, माडाच्या झावळ्या ओढून आणतो, आणि आरतीत टाळ सोडत नाही.

लोक नाव ऐकून त्याच्याशी काचेसारखं वागतात. तेवढं करू नका म्हणून लिहिलं.

डिचोलीकरीण

ताई, तुमचं दोनदा वाचलं. चवथीला आमच्याकडे त्याला घेऊन या, घुमट वाजवायला देते.

पाटो_वाचक

जुन्या कागदांबद्दल थोडं. पणजीचं सेंट्रल लायब्ररी १८३२ पासूनचं आहे, आता पणजीतल्याच पाटो भागात कृष्णदास शामा यांच्या नावाने आहे, मी तिथे जुनी मराठी-पोर्तुगीज वर्तमानपत्रं बघायला जातो. जुने कागद हाताळणारे लोक पानाला ब्रिटल म्हणतात आणि अख्ख्या पुस्तकाला फ्रॅजाइल. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदात आम्ल असतं, ते आतून धागे खातं, पान पिवळं पडतं आणि कोपरा दुमडला की तुटतोच. वेर्णाच्या भाऊंचा नियम कागदालाही लागू पडतो. त्याच्याहून शंभर वर्षं जुना चिंध्यांचा कागद मात्र अजून लवचीक असतो.

खाजन_आणि_पोय

मला थोडं वेगळं म्हणायचंय आणि ते ताईंच्या कुरियरशी जोडलेलं आहे.

पर्यावरणाच्या प्रत्येक अहवालात फ्रॅजाइल इकोसिस्टिम हा शब्द येतो. केरळात तर कायद्याच्या नावातच आहे, २००३ चा इकॉलॉजिकली फ्रॅजाइल लँड्सचा कायदा. पश्चिम घाटावर माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला त्यात सेन्सिटिव्ह शब्द जास्त वापरला, मराठीत संवेदनशील. मला सेन्सिटिव्ह पटतो आणि फ्रॅजाइल खटकतो.

का ते सांगतो. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या घ्या. त्यांच्यावर मर्यादवेल असते, तिची मुळं-फांद्या वाळू धरून ठेवतात. वारा, भरती, मृगाचा पाऊस सगळं त्या टेकड्या शतकानुशतकं झेलतात. मग त्यांच्यावरून जीप गेल्या, वेल मेली, वाळू उडाली, आणि आपण म्हणतो फ्रॅजाइल होत्या. खाडीकाठच्या खाजन शेतीचे बांधही तसेच, चिखल, दगड, पेंढा यांचे, मानशीने, म्हणजे बांधातल्या दाराने, भरती-ओहोटीचं पाणी सोडायचं-अडवायचं, पिढ्यान् पिढ्या टिकले. वेळच्या वेळी डागडुजी करायची गावकीची पद्धत मोडली आणि मग बांध फुटले. बांध फ्रॅजाइल होता का? बांध राखणारं कोणी उरलं नाही.

ताईंना फोनवर हेच ऐकायला मिळालं, आयटमच फ्रॅजाइल होता. हा शब्द दोष वस्तूच्या पोटात घालतो आणि ज्या हातातून पडली तो हात वाक्यातून नाहीसा होतो.

शाळामास्तर_म्हापसा

खाजन, तुमचा राग मला समजतो पण शब्दावर अन्याय करू नका. फ्रॅजाइल लिहिलं जातं ते फुटण्याच्या आधी. खोक्यावर तो शब्द लिहिणारा समोरच्याला सांगत असतो की आता हे तुझ्या हातात आहे. म्हणून तर त्याच्या खाली नेहमी 'हँडल विथ केअर' असतं. व्याकरणाने विशेषण आहे, कामाने ती विनंती आहे. नंतर कोणी तोच शब्द सबब म्हणून वापरला तर त्याने शब्दाचा काळ बदलला.

खाजन_आणि_पोय

हे पटलं मास्तर. मग आमच्या अहवालांतली चूक तीच, आम्ही फ्रॅजाइल लिहितो आणि खाली हँडल विथ केअर कोणी करायचं ते लिहितच नाही.

दाबोळी_अर्थ

पैशाच्या जगातही झालंय हे. २०१३ मध्ये मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन बँकेच्या रिपोर्टमध्ये फ्रॅजाइल फाइव्ह आलं, ब्राझील, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान आणि आपण. त्या ऑगस्टमध्ये डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला होता. बाहेरून येणाऱ्या पैशावर जास्त अवलंबून असलेले देश, अमेरिकेने हात आखडता घेतला की डळमळणारे, असा अर्थ. आणि देशांची एक यादी आधी फेल्ड स्टेट्स इंडेक्स नावाने यायची, २०१४ पासून तिचं नाव फ्रॅजाइल स्टेट्स इंडेक्स केलं. फेल्ड म्हणजे संपलं, फ्रॅजाइल म्हणजे अजून उभं आहे. मला हा बदल चांगला वाटतो.

भाषांतर_पणजी

मराठीत काय लिहावं हा ताईंचा प्रश्न मागेच राहिला म्हणून येते. मी पाकिटांवरचा, औषधांवरचा मजकूर मराठीत करते, या शब्दाने मला किती वेळा अडवलंय.

नाजूक हा फारसीतून आलेला गोड शब्द. नाजूक बोटं, नाजूक चण, नाजूक परिस्थिती. पण त्याच्यात फुटण्याची धास्ती कमी आणि कौतुक जास्त, हमालाला त्यातून काही कळत नाही. ठिसूळ हा ब्रिटल, तो मटेरियलचा. हाडं ठिसूळ, लाकूड ठिसूळ, नखं ठिसूळ. तकलादू म्हणजे बनवणाऱ्याने स्वस्तात उरकलेलं, त्यात बनवणाऱ्याची निंदा आहे, कुंभाराच्या चांगल्या घुमटाला तकलादू म्हटलं तर तो पुन्हा भांडं देणार नाही आणि त्याचं बरोबरच असेल. कचकड्याचं म्हणजे दिसायला छान आणि हातात टिकणार नाही असं. लेचापेचा माणसाला. भंगुर हा अर्थाने सगळ्यात जवळचा, पण तो आपण आयुष्याला आणि देहाला देऊन बसलोय, खोक्यावर क्षणभंगुर लिहिलं तर उचलणारा नमस्कार करेल.

म्हणून मी विशेषण शोधणंच सोडलं. मराठी अशा वेळी क्रियापदाने बोलते. 'फुटेल, जपून.' आई मुलाच्या हातात बरणी देताना काय म्हणते? ठिसूळ आहे म्हणत नाही, नाजूक आहे म्हणत नाही, 'फुटेल हां, नीट धर' म्हणते.

शाळामास्तर_म्हापसा

फार छान. भंगुरबद्दल एक जोडतो कारण मला राहवत नाही. पाणिनीचं सूत्रच आहे, भञ्जभासमिदो घुरच्, ३.२.१६१. भञ्ज्, भास् आणि मिद् या तीन धातूंना घुरच् प्रत्यय लागून भंगुर, भासुर, मेदुर होतात, आणि अर्थ असा की ते करणं हा ज्याचा स्वभाव आहे. चकाकणं स्वभावात आहे तो भासुर, मोडणं स्वभावात आहे तो भंगुर. फ्रॅजाइलचा गाभा याहून नेमका कोणी सांगितलेला मला तरी माहीत नाही. आणि त्याच भञ्ज् धातूवरून भंग, आणि भंग नसलेला तो अभंग.

मुरगाव_हार्बर

'फुटेल, जपून' मस्त आहे. अक्षर मोठं काढा, तीन बोटं उंच तरी. खाली हिंदी आणि इंग्रजीत पण लिहा, ठाण्यात उतरवणारा मराठी वाचणाराच असेल असं नाही. आणि ग्लासचं चिन्ह सोडू नका.

डिचोलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीने नवीन खोक्याच्या चारही बाजूंना वरच्या डाव्या कोपऱ्यात ग्लास काढलाय, आणि शेजारी स्वतःच्या मनाने एक घुमटही काढलंय. खाली लिहिलंय 'फुटेल, जपून', त्याच्याखाली हिंदीत, मग फ्रॅजाइल. मानेभोवती काथ्या तीन पदरी गुंडाळला, हलवलं तर आतून काही कळत नाही.

पण कुरियरला पुन्हा द्यायचं मन होत नाही. परवा मांडवी एक्सप्रेसने थिवीहून कोणी ठाण्याला जाणारं आहे का?

पाटो_वाचक

मी जातोय ताई, खालचा बर्थ आहे. मांडीवर घेऊन बसेन. फक्त सांगा, कुठली बाजू वर ठेवायची?

डिचोलीकरीण

चामड्याची बाजू वर, भाऊ. वर काही ठेवू नका, आणि रत्नागिरीला गर्दी चढते तेव्हा जरा खिडकीकडे घ्या. थिवीला मी स्वतः आणून देते.